एसटीएम-४ घ्यायचं का ६०० एमबीपीएस? आधी दोन्ही एकाच काट्यावर मोजू

प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यात काका-पुतणे मिळून केबल आणि नेटचा धंदा करतात, वरून येणारी बँडविड्थ आता पुरंना, म्हणून दोन ठिकाणचे कोटेशन मागवले. एकावर नुसतं "एसटीएम-४" लिहिलंय (हे टेलिफोन कंपन्यांच्या फायबरच्या वेगाचं माप), दुसऱ्यावर "गिगाबिट पोर्टवर ६०० एमबीपीएस". भाव जवळपास सारखाच. पुतण्या म्हणतोय एसटीएम-४ म्हणजे ६२२, तर २२ जास्तीचे मिळायलेत, तेच घेऊ. आणि त्यात गिऱ्हाईक रोज विचारायलेत की १०० चं कनेक्शन घेतलं तर डाउनलोडला ११ च का दिसतंय. तर लॅनचा, म्हणजे इथरनेटचा आकडा आणि फायबर बॅकबोनचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या मुख्य लाईनचा एसटीएमवाला आकडा एकमेकात बदलायचा कसा.

भाऊ, मी बावीस वर्षं ट्रान्समिशनमध्ये काढली, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली सगळीकडं मक्स (अनेक लाईनी एका फायबरवर चढवणारी मशीन) बसवले, त्यामुळं आधी उत्तर सांगतो आणि मग कारण. दोन्ही कोटेशनमध्ये तुमच्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडणारा माल सारखाच आहे, साधारण ५७० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५७० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाईट म्हणून सेकंदाला ७१ मेगाबाईटच्या आसपास. ६२२ मधले २२ तुम्हाला कधीच मिळणार नाहीत, ते तुमच्यासाठी नसतातच.

आता हे समजायला मोंढ्यात चला. सोयाबीनची गाडी काट्यावर लागली की जे वजन येतं ते पोत्यासकट असतं. मग बारदाना वजा होतो आणि पट्टीवर निव्वळ माल येतो. एखाद्यानं भरलेल्या गाडीचं वजन सांगितलं आणि दुसऱ्यानं बारदाना वजा करून सांगितलं, तर दोन्ही आकडे खरेच, पण शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवता येत नाही. एसटीएमचा आकडा बारदान्यासकट सांगायची पद्धत आहे. इथरनेटचा आकडा बराचसा बारदाना आधीच वजा करून सांगतात, सगळा नाही पण बराचसा. सगळा घोळ एवढ्यावरच आहे, आणि बहुतेक लोक हे बघायच्या आधीच कॅलक्युलेटर काढून भागाकार करायला लागतात.

एसटीएम-१ चा १५५.५२ हा आकडा विचित्र वाटतो पण तो आकाशातून पडलेला नाही. टेलिफोनवर माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, दर वेळी ८ बिट, म्हणजे एका कॉलला ६४ केबीपीएस. ही ८००० ची लय पुढं सगळ्या टेलिफोनच्या जाळ्यात कायम राहिली. असे ३२ खण एकत्र केले की २.०४८ एमबीपीएसचं ई-१ होतं. १९८८ मध्ये एसडीएचचं, म्हणजे एसटीएम ज्यात येतं त्या फायबरच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं तेव्हा पण तीच लय धरली, सेकंदाला ८००० फ्रेम, म्हणजे बाईटचे गठ्ठे. एसटीएम-१ ची एक फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० रकाने, प्रत्येक घरात एक बाईट. २७० गुणिले ९ गुणिले ८ बिट गुणिले ८०००, करून बघा, बरोबर १५५.५२ एमबीपीएस येतात.

आता त्या २७० रकान्यातले पहिले ९ रकाने ओव्हरहेडचे, म्हणजे लाईन नीट चाललीय का, चूक किती आल्या, बिघाड झाला तर दुसऱ्या बाजूनं वळवायचं का, याची सगळी निरोपानिरोपी त्यात चालते. अजून एक रकाना मार्गाच्या माहितीचा जातो. राहिले २६०. म्हणजे खरा माल १४९.७६ एमबीपीएस. एसटीएम-४ म्हणजे याच्या चौपट, बाहेरून ६२२.०८ आणि आत ५९९.०४. एसटीएम-१६ बाहेरून २४८८.३२, आत २३९६.१६. एसटीएम-६४ बाहेरून ९९५३.२८, आत ९५८४.६४. दर पायरीला चौपट होत जातं. कोणी ओसी-३, ओसी-१२ म्हणलं तर घाबरू नका, ती अमेरिकेतली नावं आहेत, ओसी-३ म्हणजेच आपला एसटीएम-१, आकड्याला ३ नं भागा की झालं.

बघितलं का, ५९९.०४. म्हणूनच दुसऱ्या कोटेशनमध्ये ६०० लिहिलंय. तो आकडा कोणी मनानं काढलेला नसावा, दोघं एकच माल दोन भाषेत विकायलेत.

इथरनेटची गोष्ट वेगळी, ती टेलिफोनच्या घरातली नाहीच. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत सुरू झालं तेव्हा २.९४ एमबीपीएस होतं, १९८० मध्ये १० झालं, १९९५ ला १००, १९९८ ला १०००, २००२ ला १० जीबीपीएस. १० पासून पुढं दर वेळी दहापट. एक घर चारपटीनं वाढतंय, दुसरं दहापटीनं, त्यामुळं आकडे कधी जुळतच नाहीत, १० जीबीपीएसला मात्र शेजारी आले, त्याचं पुढं सांगतो.

इथरनेट १०० एमबीपीएस म्हणतं तेव्हा तारेत किंवा फायबरमध्ये खरा वेग १२५ चा असतो, कारण दर ४ बिटांसाठी ५ बिट पाठवतात. फायबरवरच्या गिगाबिटला ८ च्या जागी १० बिट जातात, म्हणजे लेसर १.२५ जीबीपीएसनं लुकलुकतो. १० जीबीपीएसला ६४ च्या जागी ६६, म्हणजे १०.३१२५. हे जास्तीचे बिट इथरनेटवाले आकड्यात धरतच नाहीत. हा बारदाना वजा करूनच सांगतात. एसडीएचमध्ये असलं ४-५ चं कोडिंगच नाही, तिथं स्क्रॅम्बलिंग (ठरलेल्या पद्धतीनं बिटांची उलटापालट) असतंय, त्यात जास्तीचे बिट लागत नाहीत, पण ओव्हरहेड मात्र आकड्यातच धरलेला.

पण इथरनेटमध्ये अजून एक बारदाना उरतो तो आकड्यातच लपलेला असतो. तुमचं पॅकेट १५०० बाईटचं. त्याला हेडर १४, शेवटी तपासणीचे ४, पुढं इशाऱ्याचे ८, आणि दोन फ्रेममध्ये १२ बाईटची मोकळी जागा. झाले १५३८. आणि त्या १५०० मधले पण ४० बाईट आयपी आणि टीसीपीच्या पत्त्याबित्त्यात जातात, खरी फाईल १४६०. म्हणजे १४६० भागिले १५३८, ९४.९ टक्के. हा एक आकडा पाठ करून ठेवा, रोज लागतो. पीपीपीओई (गिऱ्हाइकाला नाव-पासवर्डनं जोडायची पद्धत) चालवत असाल, जे आपल्याकडं केबलवाले बहुतेक सगळेच चालवतात, तर अजून ८ बाईट जातात आणि ९४.४ टक्के राहतात.

आता तुमचे दोन कोटेशन लावून बघू. एसटीएम-४ वर इथरनेट टाकताना मक्स ते इशाऱ्याचे ८ आणि मोकळे १२ बाईट काढून टाकतो, कारण तिथं त्याची गरजच नाही, आणि त्याच्या जागी जीएफपीचे (एसडीएचमध्ये इथरनेट भरायच्या पद्धतीचे) ८ बाईट लावतो. १५१८ अधिक ८ म्हणजे १५२६. मग १४६० भागिले १५२६ गुणिले ५९९.०४, आले ५७३ एमबीपीएस. दुसरीकडं ६०० एमबीपीएस, यात प्रश्न हा की सप्लायर ६०० कुठं मोजतो. सगळं धरून मोजत असेल तर ५६९.६ मिळतील, इशारा आणि मोकळी जागा सोडून नुसती फ्रेम मोजत असेल तर ५७७. बहुतेक राउटर आणि स्विचचे पोलिसर (वेगाची मर्यादा लावणारी सोय) फ्रेम मोजतात पण हे प्रत्येक कंपनीच्या डब्यात वेगळं असू शकतंय, म्हणून विचारायचंच. ८ नं भागलं की ७१ ते ७२ मेगाबाईट. बघा, तिन्हीमध्ये फरक ७-८ एमबीपीएसचा. तो फरक बघून निर्णय घेऊ नका.

मग निर्णय कशावर घ्यायचा? मला विचाराल तर आज इथरनेट घ्या. एसटीएम घेतलं तर तुमच्याकडं मक्स नाही तर राउटरला वेगळं कार्ड लागेल, महाग असतंय, बिघडलं तर लातूरला मिळेलच असं नाही. आणि उद्या ६०० चे ८०० करायचे असले तर इथरनेटवर सप्लायर कॉन्फिगरेशन बदलून देतो, एसटीएम-४ वरून पुढची पायरी एकदम एसटीएम-१६ ची आहे. एसडीएचची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानतो. रिंग, म्हणजे फायबरचा गोल फिरून येणारा रस्ता, कुठं तुटली की ५० मिलिसेकंदात दुसऱ्या बाजूनं चालू होतं, लेखी स्टँडर्डच आहे तसं, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडायचं प्रमाण आपल्याकडं जे आहे ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून इथरनेट देणाऱ्याला रिंग आहे का एकच रस्ता आहे, हे पहिल्या फोनमध्येच विचारा.

एक गोष्ट स्वतः बघितलेली सांगतो, म्हणजे नुसता गुणाकार किती फसवतो ते कळंल. एका गिऱ्हाइकाला एसटीएम-१ विकलं होतं, १५५ चं बिल महिन्याच्या महिन्याला जायचं, आणि त्यांचा ग्राफ ९४ च्या वर कधी गेलाच नाही. दोन वर्षं. त्यांचा माणूस मला म्हणला साहेब लाईन खराब आहे, मी सगळे एरर काउंटर बघितले, शून्य. मग मक्सपुढं जाऊन बसलो तर दिसलं की त्यांना इथरनेट ज्या कार्डातून दिलंय ते कार्डच १०० एमबीपीएसचं. फायबर १५५ चं, आतला माल १४९ चा, पण दरवाजाच १०० चा, आणि त्यातून ९४.९ टक्के. कोणी फसवायला केलं असं मी म्हणत नाही, बसवणाऱ्यानं जे कार्ड स्टोअरमध्ये होतं ते लावलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पण पैसे तर गेलेच ना त्यांचे. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्या दिवशी नुसतं दहा मिनिटं टेस्ट केली असती तर सापडलं असतं.

अशाच प्रकारात अजून एक सापळा आहे तो ई-१ चा. एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ बसतात. ६३ गुणिले २.०४८ म्हणजे १२९ एमबीपीएस. म्हणजे तोच पाईप तुकडे करून दिला तर १५५ चे १४९ पण नाहीत, १२९ च. आणि १०० एमबीपीएसचं इथरनेट याच छोट्या डब्यातून न्यायचं असलं तर ४६ डबे लागतात, ई-१ ज्यात बसतं तो डबा २.१७६ चा असतो, ते धरून १००.०९६ होतात, राहिलेले १७ दुसऱ्याला देता येतात. गिगाबिटला १४९.७६ चे ७ मोठे डबे लागतात, १०४८. म्हणून एसटीएम-१६ वर पूर्ण वेगाचे गिगाबिट दोनच बसतात, अडीच नाही, कारण १६ पैकी १४ डबे गेले आणि २ उरले. पुतण्या २४८८ ला १००० नं भागून अडीच म्हणंल, त्याला हे दाखवा.

१० जीबीपीएसचं सांगतो म्हणलं होतं. २००२ मध्ये इथरनेट १० जीबीपीएसला आलं तेव्हा एसटीएम-६४ ९.९५ वर आधीच होतं. जवळ आले पण बसत नाही. १०.३१२५ चा लेसर ९.९५ च्या पाईपात कसा बसंल. म्हणून त्याच स्टँडर्डमध्ये दोन प्रकार ठेवले, एक लॅनचा पूर्ण १० चा, आणि एक वॅनचा, तो मुद्दाम ९.५८४६४ वर उतरवलेला, म्हणजे एसटीएम-६४ च्या आतल्या मालाएवढाच. पुढंमागं तुम्ही १० जीबीपीएस घ्याल तेव्हा लॅन फाय का वॅन फाय हे विचारून घ्या, चुकीचं मोड्यूल आणलं तर दोन्हीकडं लाईट दिसंल आणि लिंक वर येणार नाही.

आता गिऱ्हाइकाचा ११ चा प्रश्न. प्लॅन १०० मेगाबिटचा, डाउनलोड दाखवतं मेगाबाईट. ८ नं भागा, १२.५. त्याचे ९४.९ टक्के, ११.८७. आणि विंडोज मेगाबाईट मोजताना दहा लाख न धरता १०,४८,५७६ धरतं, म्हणून तेच ११.३ दिसतं. म्हणजे ११ दिसत असंल तर तुमचं कनेक्शन एकदम चोख आहे. हे तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, रोजचे दहा फोन कमी होतील. स्पीड टेस्टला मात्र लोकांना १०० दिसायलाच पाहिजे असतंय, तर गिगाबिट पोर्टचा ओएनटी (गिऱ्हाइकाच्या घरातला फायबरचा डबा) असंल त्याचा प्रोफाईल १०६-१०७ ला ठेवा, १०० भागिले ०.९४४ करून बघा. जुन्या ओएनटीचा पोर्टच १०० चा असंल तर काहीही करा, ९४ च्या वर जाणार नाही. आणि गिगाबिट पोर्ट असून पण ९४ वर अडकलं तर आधी केबल बघा, गिगाबिटला चारी जोड्या लागतात, उंदरानं एक कुरतडली की पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो आणि दोष तुमच्यावर येतो.

तुमच्याकडं ईपॉन आहे का जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना नेट द्यायच्या दोन पद्धती) ते लिहिलं नाही, पण तिथं पण हाच बारदान्याचा हिशोब आहे. ईपॉन १.२५ जीबीपीएस म्हणून विकतात, पण ते इथरनेटच्या घरातलं, ८ ला १० बिट, त्यामुळं खरं १ जीबीपीएस. जीपॉन खाली (डाउनलोडला) २.४८८ आणि वर (अपलोडला) १.२४४, हा आकडा बघून ओळखलं असेल, हा एसटीएम-१६ चाच आकडा आहे, आणि यात ८-१० चं कोडिंग नाही. एरर करेक्शन चालू ठेवलं तर २५५ बाईटमागं १६ जातात, २.३३ च्या आसपास राहतं. म्हणजे कागदावर दुप्पट दिसतंय पण प्रत्यक्षात जीपॉन ईपॉनच्या सव्वादोन पटीपेक्षा जास्तच पडतं. आणि हे सगळं एका पोर्टवरच्या सगळ्या गिऱ्हाइकात वाटून जाणार, जीपॉनवर ३२ चा स्प्लिटर (एका फायबरचे ३२ फाटे) असेल तर सगळे एकदम ओढायला लागले की माणशी ७० च्या आसपास. प्रत्यक्षात सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून हा धंदा चालतो.

आता कोणी सांगत नाही ती गोष्ट, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्यात. तुमच्या राउटरचा पोर्ट गिगाबिटचा आणि पुढचा पाईप ६०० चा. राउटरला ६०० वगैरे काही माहीत नसतंय, तो पॅकेट सोडतो ते १००० च्याच वेगानं सोडतो, थोडा वेळ सोडतो, थोडा वेळ गप्प. सरासरी ४०० असली तरी त्या क्षणाला १००० असतो. पुढच्या डब्याची टाकी लहान असली की भरून वाहते, पॅकेट पडतात, टीसीपीला वाटतं गर्दी झाली, तो वेग एकदम कमी करतो. ग्राफवर दिसतं ४०० आणि गिऱ्हाईक म्हणतं नेट अडकतंय. याला उपाय एकच, तुमच्या राउटरवरच ५७०-५८० ला शेपिंग लावा. शेपिंग म्हणतोय, पोलिसिंग नाही, पोलिसिंग पॅकेट टाकून देतं आणि शेपिंग रांगेत उभं करतं. हे अपलोडच्या बाजूला तुम्ही करू शकता, डाउनलोडच्या बाजूला सप्लायरनं करायला पाहिजे, आणि त्याला ते सांगायचं काम तुमचं.

लाईन घेतली की पैसे द्यायच्या आधी टेस्ट करा, पण एका कनेक्शनवर करू नका. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, मुंबईपर्यंत फायबरची वाट ६०० किलोमीटर धरली तर जाऊन येऊन ६ मिलिसेकंद, वरून मशिनरीचा वेळ वेगळा. जुन्या पद्धतीची ६४ किलोबाईटची टीसीपी विंडो (पोच यायच्या आधी किती माल पाठवायचा ती मर्यादा) असंल तर ६ मिलिसेकंदाला एका कनेक्शनवर ८७ एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही, आणि परदेशातला सर्व्हर २०० मिलिसेकंदावर असंल तर २.६ वरच थांबतं. पाईप ६०० चा असो नाही तर ६००० चा. आजकालची कॉम्प्युटरं विंडो वाढवून घेतात पण मधी कुठं जुना डबा असला की हाच आकडा समोर येतो. म्हणून आयपर्फ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) लावा, ८ ते १० स्ट्रीम एकदम, दोन्ही दिशेनं, तासभर, आणि जमलं तर एकदा दुपारी आणि एकदा रात्री ९ वाजता. ५६५ च्या वर टिकून राहिलं तर घ्या. ५९९ यायलाच पाहिजे म्हणून भांडू नका, तुमचं म्हणणं चुकीचं ठरंल. आणि बरोबर ९४ वर थांबलं तर सप्लायरला सरळ विचारा की पोर्ट कुठं १०० चा लावलाय.

कोटेशनच्या उत्तरात हे चार प्रश्न लेखी टाका, फोनवर नको: ६०० मोजताना फ्रेम धरता का सगळं, माझ्याकडं येणारा पोर्ट किती वेगाचा, तुमच्याकडून शेपिंग आहे का पोलिसिंग, आणि फायबर रिंगवर आहे का एकाच रस्त्यानं. जो या चारचं नीट उत्तर देईल त्याच्याकडून घ्या, थोडा महाग असला तरी. उत्तरं आली की इथंच टाका, आकडे मी बघून देतो, आणि ईपॉन का जीपॉन ते पण लिहा, त्यावरून एका पोर्टवर किती गिऱ्हाईक टाकायचे ते काढता येईल.